रेकॉर्ड प्लेअर रुसला? आधी खोली तपासा

डहाणूत किंवा तलासरीत मिक्सर, पंखा, टीव्ही दुरुस्त करणारे हवे तेवढे सापडतात. पण त्यांच्यापुढे रेकॉर्ड प्लेअर ठेवला की बहुतेकांचं उत्तर एकच : ‘सुई गेली असेल, आणि ती आता मिळत नाही.’ मग यंत्र परत माळ्यावर. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या पट्ट्यात रेकॉर्ड प्लेअर बिघडतो तो आधी खाऱ्या हवेने, पावसाळ्यातल्या दमटपणाने, वर-खाली होणाऱ्या विजेने आणि हलत्या जमिनीने. सुईचा नंबर बऱ्याच नंतर लागतो. म्हणून तपासणीचा क्रमही तसाच ठेवावा : आधी खोली, मग वीज, मग तारा, मग पट्टा आणि शेवटी सुई. या क्रमाने गेलात तर अर्ध्याहून जास्त तक्रारी स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता मिटतात.

आपल्याकडच्या घरांत ही यंत्रं साधारण चार जातींची सापडतात. पहिली, एचएमव्हीचे फिएस्टा किंवा कॅलिप्सो यांसारखे जुने सुटसुटीत प्लेअर, लग्नात नाहीतर बोनसच्या पैशातून घेतलेले. दुसरी, घोलवड-बोर्डीकडच्या इराणी-पारशी बंगल्यांत अजून दिवाणखाना अडवून बसलेले रेडिओग्रॅम. तिसरी, हल्ली ऑनलाइन मागवलेले ब्लूटूथवाले सुटकेस-प्लेअर. आणि चौथी, अमेरिकेतल्या लेकाने किंवा पुतण्याने हौसेने पाठवलेलं भारी यंत्र. प्रत्येकाची दुखणी वेगळी. चावीचा ग्रामोफोन यात धरलेला नाही. त्याच्याबद्दल एकच सांगणं : त्यावर एलपी कधीही लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या घरात असतं आणि पोलादी सुई व्हिनाइलचे चरे एका फेरीत नांगरून काढते.

सुई उडते, तेव्हा

गाणं मध्येच पुढे उडी मारतं किंवा एकाच ओळीवर अडकतं, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. लोक लगेच सुईच्या दांडीवर पाच पैशाचं नाणं चिकटवतात. ते आधी काढा. त्याने सुई उडणं थांबतं, पण रेकॉर्ड झिजते.

त्याऐवजी पाणसळ आणा. गवंड्याची छोटी चालेल, नसेल तर मोबाइलमधली. रेकॉर्ड काढून ठेवून ती थेट फिरत्या तबकावर ठेवा, एकदा आडवी आणि एकदा उभी. टेबलावर ठेवून उपयोग नाही, कारण टेबल सपाट असलं तरी प्लेअरचा एखादा रबरी पाय दबलेला असतो. तबक जिकडे झुकलेलं असेल तिकडे दांडी ओढली जाते. जुन्या घरांत कोबा किंवा शहाबादी फरशी कधीच पातळीत नसते; शेणाने सारवलेल्या जमिनीचं तर विचारायलाच नको. पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून पातळी साधली तरी पुरते.

पातळी ठीक असेल तर जमीन बघा. सुई चालू असताना कुणाला तरी खोलीतून नेहमीच्या पावलाने चालायला सांगा. लाकडी तक्तपोशीच्या वरच्या मजल्यावर पाऊल पडलं की सुई उडालीच समजा. इथे यंत्राचा काहीही दोष नाही. ते कपाटावरून काढून भिंतीत बसवलेल्या फळीवर ठेवा. दगडी किंवा विटांची भिंत जमिनीएवढी हलत नाही. कुडाच्या भिंतीला मात्र हा उपाय लागू नाही. तिथे जमिनीवरच जाड कडप्पा टाकून त्यावर प्लेअर ठेवावा. रेल्वेलाइनला लागून घर असेल तर मालगाडी जाताना जो घुमारा ऐकू येतो तो सुईलाही ‘ऐकू’ येतो आणि स्पीकरमधून परत बाहेर पडतो. कडप्प्याखाली जाड रबराचे तुकडे घातले की तो बराच कमी होतो.

फळी बसवताना आपल्या भागात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी भूकंपाचे लहान-मोठे धक्के किती सोसले ते इथे कुणाला सांगायला नको. फळी लांब बोल्टांनी पक्की बसवा, पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोका आणि फळीखाली कुणाचं अंथरूण येणार नाही असं बघा. धक्का बसला तर सुई उचलायला धावू नका, बाहेर पडा.

पातळीही ठीक आणि जमीनही ठीक, तर प्रश्न दांडीच्या वजनाचा. मागे सरकवता येणारं वजन असलेल्या दांडीत ते जुळवणं सोपं असतं. सुईचं झाकण काढा, दांडीचा चाप सोडा, बाजूचा स्केटिंगरोधक खटका (दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून असलेला) शून्यावर आणा आणि मागचं वजन फिरवत फिरवत दांडी हवेत आडवी तरंगेल अशी करा. ती वरही जायला नको आणि खालीही. आता वजन हलू न देता नुसती आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि मग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीच्या, कागदावर लिहिलेला आकडा गाठा. आजच्या बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना दीड ते साडेतीन ग्रॅममधला कुठलातरी आकडा लागतो. स्केटिंगरोधकही त्याच आकड्यावर ठेवा. सोनार वापरतात तसला दोन दशांशांचा खिशातला काटा मिळतो. त्यावर सुई टेकवून खात्री केली तर उत्तम. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा मोठा गैरसमज आहे. हलकी सुई चऱ्यात नीट बसत नाही, भिंतींवर आपटत राहते आणि तीच जास्त नुकसान करते.

जुन्या सुटसुटीत प्लेअरमध्ये वजन बदलायची सोयच नसते. तिथे दांडीच्या खालचा स्प्रिंग गंजला आहे का, आणि दांडीतून निघणाऱ्या बारीक तारा कुठे ताणल्या जाऊन तिला मागे ओढत आहेत का, एवढंच बघायचं. अडखळणं दरवेळी एकाच जागी होत असेल तर मात्र दोष रेकॉर्डचा आहे, प्लेअरचा नाही.

गाणं उतरलं, बाई पुरुषासारखी गाते

वेग तपासायला महागडं काही लागत नाही. तबकाच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा आणि मोबाइलवर बरोबर ३ मिनिटं लावून फेरे मोजा. एलपीचा वेग मिनिटाला ३३ १/३ फेरे, म्हणजे ३ मिनिटांत नेमके १०० फेरे. ४५च्या वेगाला त्याच वेळात १३५. ७८चे मोजताना डोळे फिरतात, तिथे एकच मिनिट मोजा. सुई टेकवूनच मोजायचं, कारण मोकळं तबक बरोबर फिरतं आणि सुईचा भार आला की मंदावतं, असं ढिल्या पट्ट्यात हमखास होतं.

घरात पेटी असेल तर कानानेही कळतं, पण जपून. जुन्या लाखेच्या रेकॉर्डी सगळ्या ७८लाच ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. विजेचं ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या काळात वेग थोडाफार कमी-जास्त असे. त्यामुळे गौहरजानच्या काळातली एखादी रेकॉर्ड पेटीशी जुळली नाही म्हणून लगेच मोटार उघडू नका.

आता अमेरिकेहून आलेल्या यंत्राची गोष्ट, कारण यात लोक हटकून फसतात. तिथली वीज १२० व्होल्टची. ते यंत्र आपल्या २३० व्होल्टला सरळ लावलं तर मोटार जळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला जातो, यंत्र सुरू होतं आणि गाणं रेंगाळत येतं. कारण तिथल्या विजेची कंपनं सेकंदाला ६०, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, कंपनं बदलू शकत नाही. विजेच्या कंपनांवर पाऊल टाकत चालणाऱ्या मोटारीचा वेग मग सहात एक भागाने कमी होतो. ३३ १/३ऐवजी तबक २८पेक्षाही थोडं कमी फिरतं. सूर तीन पट्ट्या खाली येतो : काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं. उपाय एकच, मोटारीच्या दांड्यावरची पुली बदलून ५० कंपनांची बसवणं. काही कंपन्या दोन्ही पुल्या डब्यातच देत, म्हणून थर्मोकोल फेकण्याआधी त्यातले खाचे नीट बघा. ज्या यंत्राला बाहेरून छोटा अडॅप्टर लागतो आणि त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्याला यातला कुठलाच त्रास नाही. फक्त आपल्या सॉकेटला बसणारी पिन घ्या.

काही प्लेअरच्या तबकाला कडेने ठिपके असतात आणि बाजूला दिवा. वेग बरोबर असेल तर ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. तसा छापील कागदही मिळतो. आपल्या विजेसाठी ३३ १/३च्या वर्तुळात १८० रेघा हव्यात. २१६ असतील तर तो कागद अमेरिकेचा. आणि हा खेळ जुन्या पिवळ्या बल्बच्या किंवा चोकवाल्या ट्यूबच्या उजेडातच दिसतो. एलईडीचा बल्ब अनेकदा लुकलुकतच नाही, त्यामुळे रेघा नुसत्या पुसट दिसत राहतात आणि माणूस उगाच घाबरतो.

व्होल्टेजचं रडगाणं आपल्याकडे नेहमीचं. डहाणूच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांत उजेड पाडते आणि संध्याकाळी आपल्या पाड्यावर पंखा रडतखडत फिरतो, हे दुःख वेगळं. पण प्लेअरपुरतं सांगायचं तर कमी व्होल्टेजचा फटका प्रत्येकाला सारखा बसत नाही. रबरी चाकावर चालणारे जुने प्लेअर आणि रेडिओग्रॅम व्होल्ट उतरले की मंदावतात, त्यांना स्टॅबिलायझर लावावा. अडॅप्टरवाल्या नव्या यंत्रांना सहसा फरक पडत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गाणं लावणार असाल तर तो साइन वेव्ह जातीचाच हवा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटार गुरगुरते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि स्पीकरमधून सतत खरखरीत भुणभुण येते. अशा वेळी यंत्राला दोष देऊन काय होणार? वीज येईपर्यंत थांबा.

विजेचा दोष नाही आणि तरीही वेग कमी, तर पट्टा. आपल्या हवेत रबर दोन प्रकारांनी मरतं : सैल पडतं, नाहीतर वितळून डांबरासारखं चिकट होतं. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या प्लेअरचं तबक उचललं की पुलीला काळा चिकटा लागलेला दिसतो, तो जुना पट्टाच. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पूर्ण पुसून काढा. नव्या पट्ट्याचं माप घ्यायचं तर पट्टा जिथून जातो त्या वाटेने दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा आणि तिच्याहून साधारण पाच टक्के आखूड पट्टा मागवा. बाजारातलं साधं रबर बँड लावू नका. गाणं त्याच्यावर डुलक्या घेतं.

रबरी चाकाच्या यंत्रात चाक कडक होतं किंवा त्याला खाच पडते, आणि मग गाण्याखाली ‘धप धप’ असा ठराविक ठेका ऐकू येतो. वर्षानुवर्षं वेगाचा खटका ३३वर अडकवून ठेवला की चाक पुलीला दाबून राहतं आणि खाच पडते. वाजवून झालं की खटका बंदवर आणायचा, ही सवय लावून घ्या. तबकाच्या मधल्या खुंटीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल तेल घालू नका. हिवाळ्यात ते थिजतं आणि नंतर चिकटून बसतं. आणि तेलाचा हात पट्ट्याला किंवा चाकाला लागू देऊ नका.

एकाच बाजूने आवाज, आणि ती भुणभुण

आता खाऱ्या हवेकडे येऊ, कारण चिंचणीपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर खरा चोर हाच आहे. तांब्या-पितळेच्या प्रत्येक जोडावर ही हवा हिरवट-काळा थर चढवते. प्लेअरच्या सुईपासून निघणारा विजेचा झरा इतका क्षीण असतो की एवढासा थरही त्याला अडवतो. म्हणून एक स्पीकर गप्प झाला की कार्ट्रिज बदलायला धावू नका.

अँप्लिफायर बंद करून प्लेअरच्या मागून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिना आपसात बदला. पुन्हा चालू केल्यावर गप्प बाजू बदलली तर दोष प्लेअरकडे आहे. तीच राहिली तर अँप्लिफायर किंवा स्पीकरकडे. ही एवढी चाचणी केली तर दुरुस्तीवाल्याकडची निम्मी फेरी वाचते. दोष प्लेअरकडे निघाला तर दांडीचं पुढचं टोक, म्हणजे हेडशेल, फिरवून काढा. त्याच्या मागे चार बारीक टोकं असतात. ती मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कोरड्या सुती कापडाने झाडा आणि परत बसवा. मग कार्ट्रिजमागच्या चार रंगीत तारा बघा : पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. प्रत्येक तारेची टोपी नुसती थोडी मागे-पुढे सरकवली तरी थर खरवडला जाऊन आवाज परत येतो. ओढू मात्र नका, चिमट्याने टोपी धरा. तार तुटली तर ती जोडणं नवख्याचं काम नाही. मागच्या पिना सॉकेटमध्येच गरागरा फिरवल्या तरी तोच परिणाम होतो, महिन्यातून एकदा हे करत जा.

सॉकेटच्या भोकात टॉर्च मारून बघायलाही विसरू नका. कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात. वापरात नसलेल्या अँप्लिफायरच्या मागे तिने चिखलाचं इवलंसं घर बांधून भोक लिंपून टाकलेलं असतं, आणि पिन नीट आत जात नाही म्हणून माणूस ती जोर लावून ढकलत बसतो. टाचणीने माती कोरून काढा, यंत्र विजेपासून सोडवून. आवाजाचा खटका फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि वीस-पंचवीस वेळा खटका इकडून तिकडे, एवढ्याने भागतं.

भुणभुण ही वेगळी गोष्ट. सुई न टेकवताही संथ ‘घूंऽऽ’ ऐकू येत असेल आणि दांडीच्या धातूला हात लावल्यावर ते कमी होत असेल तर जमिनीची तार सुटलेली आहे. प्लेअरमधून लाल-पांढऱ्या पिनांसोबत एक बारीक तार निघते, टोकाला दुबेळक्याची पत्री असलेली. ती अँप्लिफायरमागच्या स्क्रूला आवळायची असते. बरेच जण तिला फालतू समजून कापून टाकतात! तार जोडलेली असूनही भुणभुण असेल तर भिंतीतलं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, किंवा अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडलेला असतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. व्हॉल्व्हचा जुना रेडिओग्रॅम तर स्वतः उघडूच नका. पिन काढल्यावरही त्यातल्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते.

आवाज वाढवत नेला की भुणभुणीचं हंबरणं होत असेल, तर प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर आहेत. वेगळे करा, संपलं. आणि आवाज अगदी बारीक, पोकळ, खर्जच नसलेला येत असेल तर चुंबकीय कार्ट्रिज साध्या ऑक्समध्ये लावलेलं आहे. त्याला फोनो असं लिहिलेलं भोक किंवा वेगळा फोनो प्रीअँप लागतो. उलट, प्लेअरमध्येच प्रीअँप असेल आणि तुम्ही तो फोनोमध्ये लावलात तर आवाज फाटतो. प्लेअरच्या मागे फोनो/लाइन असा छोटा खटका असतो, तो बघा.

पावसाळा आणि रेकॉर्डी

परदेशी व्हिडिओंत रेकॉर्डवरच्या स्थिर विजेची, तिच्यामुळे चिकटणाऱ्या धुळीची मोठी चिंता असते. आपल्याकडे ती डिसेंबर-जानेवारीत थोडीशी. आपला वैरी म्हणजे बुरशी. गणपतीच्या सुमारास एखादी एलपी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. काळ्या चकाकीवर धुरकट ठिपके, मधून फांद्या फुटल्यासारखी पांढरट जाळी, कडेला जिथे कव्हर चिकटलं होतं तिथे दाट, आणि नाकाशी नेली तर बंद कपाटाचा कुबट वास. वाजवली की चटचट येते ती या जाळीचीच. ब्रशने कोरडं झाडलं तर बुरशी चऱ्यात आणखी खोल जाते, सुईही माखते.

धुवायची. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. बोअरचं नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने क्षार चऱ्यात वाळून बसतात. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब पुरेत. मधल्या कागदावर वाटी पालथी दाबून धरा, म्हणजे तो भिजत नाही. मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबर कापड चऱ्यांच्या दिशेने, गोल फिरवा. आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात अजिबात नको. व्हिनाइल मऊ होऊन वाकलं की परत सरळ होत नाही, काचेखाली दाबून ठेवायचे प्रयोग बहुधा फसतात.

हट्टी बुरशी असेल तर एलपीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. पण ७८ची रेकॉर्ड असेल तर अल्कोहोलचा थेंबही नको. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांची बालगंधर्वांची रेकॉर्ड सॅनिटायझरने पुसायला गेलात तर काळा रंग कापडाला लागेल आणि गाणं गेलंच समजा. लाखेची रेकॉर्ड ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडी करा.

ओलावलेलं जुनं आतलं कागदी पाकीट परत वापरू नका, बुरशीचं बी त्यातच असतं. बाहेर घातलेली जाड, तेलकट वासाची प्लास्टिकची पिशवीही काढून टाका. दमट हवेत ती रेकॉर्डवर धुकट डाग पाडते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून वीतभर वर. वाळवीला पुठ्ठ्याचं कव्हर म्हणजे मेजवानी. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत, काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या कपाटात पंधरा वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवत, ती युक्ती रेकॉर्डींनाही लागू पडते, मात्र बल्ब तळाशी, जाळीआड आणि रेकॉर्डींपासून हातभर लांब हवा. सिलिका जेल ठेवलं तर ते दर पंधरवड्याने तापवून कोरडं करावं लागतं, नाहीतर ते नुसतं शोभेचं.

आता सुई

एवढं सगळं करूनही ‘स’ आणि ‘श’ फाटत असतील, रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्याकडे जाताना आवाज खरवडल्यासारखा येत असेल, तर सुईकडे या. आधी साफ करा : बारीक मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे दांडीकडून स्वतःकडे. उलटं किंवा आडवं केलं तर सुईचा बारीक दांडा वाकतो. बोटाने कधीच नाही. घड्याळजीच्या भिंगातून बघा; टोकाला चिकटलेला कापसासारखा गोळा निघाला की अनेकदा आवाज लख्ख होतो.

हिऱ्याची साधी सुई सुमारे पाचशे तास चालते असं धरा. रोज तासभर ऐकणाऱ्याची ती दीड वर्षाने बदलायला येते. जुन्या सुटसुटीत प्लेअरमध्ये नीलमाची सुई असे, तिचं आयुष्य याच्या तुलनेत फारच थोडं. ‘वडिलांनी १९७५ साली बसवलेली, अजून वाजते’ असं कौतुकाने सांगितलं जातं, पण तिने तेवढ्या काळात किती रेकॉर्डी खाल्ल्या ते कुणी मोजत नाही.

त्याच जुन्या कार्ट्रिजला बहुधा एक चिमुकला खटका असतो. एका बाजूला ७८ची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. ७८चा चरा रुंद, त्याच्या सुईचं टोक एलपीच्या सुईच्या चौपट जाड. खटका चुकीच्या बाजूला राहिला तर एलपी खरखरत वाजते आणि खराब होते. उलट केलं तर ७८मध्ये एलपीची बारीक सुई तळाशी घसरत सगळा कचरा वाजवते. खूप ‘बिघडलेले’ प्लेअर मी एवढा खटका फिरवून सुरू होताना पाहिलेत. नव्या यंत्रावर ७८ ऐकायची असेल तर आधी कार्ट्रिजसाठी ७८ची वेगळी सुई मिळते का ते विचारा. लाखेच्या रेकॉर्डींबद्दल जास्त जाणून घ्यायचं असेल तर १९९०पासून मुंबईत असलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी या विषयावर पुष्कळ लिहून ठेवलंय.

सुई विकत घेताना प्लेअरचं नाव सांगून भागत नाही. कार्ट्रिजवरचा नंबर लागतो. तो समोर किंवा वरच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. त्याचा आणि जुन्या सुईचा मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवा.

मुंबईला जायचंच झालं तर ग्रँट रोड स्टेशनच्या आसपासचा भाग गाठा. एका बाजूला लॅमिंग्टन रोडवर पट्टे, तारा, पिना, फोनो प्रीअँप. दुसऱ्या बाजूला चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनी यंत्रं, सुटे भाग आणि ते जाणणारी माणसं. एप्रिल २०१३मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल आल्यापासून सकाळी जाऊन रात्री परत येणं जमतं. तलासरीकरांना सुट्या तारा आणि अडॅप्टरसाठी वापी जवळ पडेल, पण सुईसाठी मुंबईच बरी.

यंत्र सोबत न्यायचं असेल तर आधी सुईवर झाकण घाला किंवा हेडशेल काढून वेगळ्या डबीत ठेवा. दांडीचं मागचं वजन काढून कापडात गुंडाळा. तबक निघत असेल तर तेही वेगळं घ्या, नाहीतर लोकलच्या हिसक्यांनी ते मधली खुंटी खराब करतं. दांडी तिच्या चापात अडकवून वर सुती नाडी बांधा. चिकटपट्टी नको, ती काढताना दांडीच वाकते. काही यंत्रांच्या मोटारीला प्रवासात आवळायचे दोन स्क्रू वरूनच दिसतात, ते घट्ट करा. घरी परत आल्यावर ते सोडवायचे असतात. न सोडवता यंत्र सुरू केलंत तर मोटारीची सगळी गुरगुर गाण्यात उतरते आणि दुरुस्तीवाल्याला विनाकारण शिव्या बसतात.